तरुण मनाची परिभाषा : एक भाषिक चिकित्सा

मराठीत मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके झाली, परिभाषेचे कोश झाले, मनोविकारांविषयीचे सुबोध लेखनही बरेच झाले. परंतु ही परिभाषा ज्या माणसाविषयी बोलते, त्या माणसाच्या तोंडच्या भाषेशी तिचे नाते काय, याची चौकशी फारशी होताना दिसत नाही. नव्या शब्दाची परीक्षा सामान्यतः दोन कसोट्यांवर केली जाते. तो संस्कृत व्युत्पत्तीस धरून आहे काय, हे पाहिले जाते, आणि मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ तो पुरता वाहतो काय, हे पाहिले जाते. ज्याच्या दुखण्याला तो शब्द लावावयाचा, त्याला आपले दुखणे त्या शब्दात ओळखू येते काय, ही तिसरी कसोटी मात्र बहुधा विसरली जाते. पदार्थविज्ञानात ती विसरल्याने काही बिघडत नाही. विद्युत्‌भाराला आपले नाव मान्य आहे की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. मनोविकाराच्या बाबतीत तसे नाही. तेथे निदानाचा निम्म्याहून अधिक भाग रोगी काय बोलतो यावर, म्हणजेच भाषेवर, उभा असतो.

तरुणांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाचक ठरते. प्रौढ मनुष्य वैद्यांशी बोलून, वर्तमानपत्रे वाचून, शेजाऱ्यापाजाऱ्यांची दुखणी ऐकून, आपल्या त्रासाचे वर्णन वैद्यकाला कळेल अशा शब्दांत करावयास थोडाफार शिकलेला असतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाजवळ तो साठा नसतो. आणि नेमके हेच वय महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीवरून रोनाल्ड केसलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली असे दाखविले की, आयुष्यात केव्हा ना केव्हा मनोविकार जडलेल्यांपैकी निम्म्यांच्या बाबतीत त्याचा आरंभ चौदाव्या वर्षापर्यंत, व तीन-चतुर्थांशांच्या बाबतीत चोविसाव्या वर्षापर्यंत झालेला असतो. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते सतरा या वयोगटात मनोविकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. ही पाहणी बारा राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा मराठी मुलांविषयी बोलताना हा आकडा सहज पुढे केला जातो, तो मुख्यतः इतर भाषांत विचारलेल्या प्रश्नांना इतर भाषांत मिळालेल्या उत्तरांचा आहे, एवढे तरी भान ठेवावयास हवे.

परिभाषेचा आरंभ वयाच्या नावापासूनच करावा लागतो. मराठी पाठ्यपुस्तकांत या वयाला 'पौगंडावस्था' म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द भारदस्त आहे आणि जुनाही आहे. परंतु त्याचा जुना अर्थ हा नव्हे. भागवताच्या दशम स्कंधात कृष्णलीलांची विभागणी वयानुसार केलेली आढळते, आणि टीकाकारांची परंपरा त्या वयांच्या मर्यादा सांगते: पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, त्यापुढे पंधरा-सोळापर्यंत कैशोर. वासरे राखणारा कृष्ण गाई राखू लागतो, ते हे पौगंड वय. म्हणजे ज्या वयात आजचे मूल प्राथमिक शाळेत असते, त्या वयाचे नाव आपण माध्यमिक शाळा व महाविद्यालय यांतील मुलांना दिले आहे. काही कोशांत पौगंडाची मर्यादा सोळाव्या वर्षापर्यंत ताणलेली आहे, हे खरे. तथापि त्याच कुळातील 'पोगंड' या शब्दाला कोशांत 'पुरी वाढ न झालेला' याबरोबरच 'अवयवाने उणा अथवा अधिक' असाही अर्थ आहे. व्यंगाची ही छटा परिभाषा घडविणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी, किंवा येऊनही त्यांनी ती नगण्य मानली असावी. शब्द रुळल्यावर त्याची व्युत्पत्ती कोणी पाहत नाही, असे यावर म्हणता येईल. परंतु शब्द खरोखर रुळला आहे काय? 'माझा मुलगा सध्या पौगंडावस्थेत आहे' हे वाक्य कोणत्याही घरात सहजपणे उच्चारले जात नाही. ते व्याख्यानात ऐकू येते आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत दिसते.

घरात जे ऐकू येते ते वेगळे आहे. 'अडनिडे वय' हा शब्दप्रयोग पाहावा. इकडचे नाही नि तिकडचे नाही, कपड्यापासून आवाजापर्यंत काहीच धड मापात बसत नाही, असा सगळा भाव त्यात आहे, आणि त्यात दोष देण्याचा सूर जवळजवळ नाही. 'वयात येणे' हा दुसरा प्रयोग. त्यात क्रियापद आहे, गती आहे, हे विशेष. लॅटिन भाषेतील ज्या धातूपासून इंग्रजी 'अॅडोलेसन्स' हा शब्द आला त्याचा अर्थ 'वाढत जाणे' असा आहे, आणि 'अॅडल्ट' हे त्याच धातूचे भूतकाळवाचक रूप आहे: एक वाढतो आहे, दुसरा वाढून झाला आहे. 'वयात येणे' यातील क्रिया या अर्थाला 'पौगंडावस्था' या नामापेक्षा कितीतरी जवळची आहे. अर्थात लोकभाषेचे सारेच स्वीकारण्याजोगे आहे असे नव्हे. 'वयात येणे' हे प्रामुख्याने मुलीविषयी म्हटले जाते आणि ते तिच्या शरीरापुरते मर्यादित असते. त्या मुलीच्या मनात त्याच सुमारास जे काही येते-जाते त्याच्यासाठी या प्रयोगात जागा नाही. मुलाच्या वाट्याला आली आहे 'गद्धेपंचविशी'. हा शब्द थट्टेचा खरा, पण त्यात एक निरीक्षण दडलेले आहे. मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रांच्या साहाय्याने जे गीड यांच्यासारख्या संशोधकांनी १९९९ पासून जे दाखविले, म्हणजे विवेक आणि आत्मसंयमन यांच्याशी निगडित असलेला मेंदूचा पुढचा भाग विशी ओलांडल्यावरही परिपक्व होत असतो, त्याच्याशी पंचविशीची ही मर्यादा चांगलीच जुळते. २०१८ साली सुझन सॉयर आदी अभ्यासकांनी या वयाची व्याख्या दहा ते चोवीस अशी वाढवावी असे सुचविले, तेव्हा मराठी माणसाला त्यात नवल वाटावयाचे कारण नव्हते. नवल वाटावे ते याचे की, परिभाषेने हा अनुभव कधी विचारातच घेतला नाही.

एरिक एरिक्सन यांच्या विवेचनाचे मराठीत जे झाले तेही येथे नोंदवावयास हवे. त्यांच्या सिद्धांतात 'मी कोण' या प्रश्नाशी होणारी झटापट हे या वयाचे मुख्य कार्य मानले आहे. त्यासाठी मराठीत कधी 'ओळख', कधी 'स्वत्व', तर कधी 'अस्मिता' असे शब्द योजले जातात. यांपैकी 'अस्मिता' हा पतंजलीच्या योगसूत्रांत पाच क्लेशांपैकी एक आहे, आणि आजच्या सार्वजनिक मराठीत तो प्रांताचा किंवा समाजाचा अभिमान या अर्थी चालतो. एका अर्थाने ती टाकून द्यावयाची गोष्ट, दुसऱ्या अर्थाने मिरवावयाची. सोळा वर्षांच्या मुलीने ती शोधावयाची, हा तिसरा अर्थ या दोहोंच्या कचाट्यात गुदमरतो. 'ओळख' हा साधा शब्द येथे पुरेसा होता.

रोगांच्या नावांकडे वळले की प्रश्न अधिक गंभीर होतो. ज्या विकाराला आज स्किझोफ्रेनिया म्हणतात, त्याची जुनी नावे तारुण्याशी जोडलेली होती. एवाल्ड हेकर यांनी १८७१ साली त्याच्या एका प्रकाराला 'हेबेफ्रेनिया' म्हटले, ते ग्रीकांच्या तारुण्यदेवतेच्या, हेबेच्या, नावावरून. पुढे एमिल क्रेपेलिन यांनी 'अकाली बुद्धिभ्रंश' अशा अर्थाचे लॅटिन नाव रूढ केले. १९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर यांनी ही दोन्ही बाजूला सारून 'भंगणे' आणि 'मन' अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून नवे नाव बनविले. विचार, भावना, इच्छा यांची परस्परांशी असलेली जोड सुटते, असे त्यांना सुचवावयाचे होते. मराठीने 'छिन्नमनस्कता' हा शब्द घडविताना या ग्रीक शब्दाचे अवयव एकेक करून उतरविले. अवयव अचूक उतरले; परंतु 'छिन्न' म्हणजे तोडलेले, कापलेले. जी गोष्ट कापली गेली ती पुन्हा सांधत नाही, हा भाव मराठी कानाला लगेच जाणवतो. शिवाय 'दुभंगलेले व्यक्तिमत्त्व' या पर्यायाने, एकाच देहात दोन माणसे, ही चित्रपटी कल्पनाही याच विकाराला चिकटली. तिचा या विकाराशी काहीही संबंध नाही.

नाव बदलल्याने काय होते, याचे उत्तर तर्काने देण्याची गरज नाही. त्याचे प्रत्यक्ष उदाहरण उपलब्ध आहे. जपानी भाषेत या विकाराचे नाव असेच, 'मन दुभंगण्याचा रोग' अशा अर्थाचे, होते. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने ते बदलण्याची मागणी केली, आणि २००२ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने 'एकसंधतेत आलेला बिघाड' अशा अर्थाचे नवे नाव स्वीकारले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, ज्या रुग्णांना त्यांचे निदान स्पष्टपणे सांगितले जाई त्यांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावरून दोन-तृतीयांशांच्या वर गेले. रोग तोच होता, औषधेही मुख्यतः तीच होती. परंतु डॉक्टरांना जो शब्द रुग्णासमोर उच्चारवत नव्हता, त्याच्या जागी उच्चारता येईल असा शब्द आला. मराठीत या दिशेने विचार व्हावयाचा तर तो ज्यांना हे नाव कपाळी घेऊन जगावे लागते त्यांच्याकडून व्हावा लागेल. परिभाषा समितीच्या मेजावर तो होणार नाही.

पण या सर्वांपेक्षा मोठी हानी 'नैराश्य' या शब्दाने केली आहे, असे म्हणणे भाग आहे. हा शब्द छिन्नमनस्कतेसारखा दुर्बोध नाही, आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. 'निराशा' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाला ठाऊक आहे: आशा होती आणि ती भंगली. म्हणजे नैराश्याला आधी एक आशा लागते, नंतर तिचा भंग लागतो. परीक्षेत गुण कमी पडले, प्रेमात नकार मिळाला, नोकरी हुकली; यांपैकी काही घडले असेल तर मुलाला नैराश्य आले हे घरच्यांना पटते. काहीच घडलेले नसेल तर, 'याला निराश व्हावयाला झाले काय?' हा प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रश्न या शब्दानेच उभा केलेला असतो. मूळ लॅटिन शब्दात 'खाली दाबणे' एवढाच अर्थ आहे. कारणाची अट त्यात नाही. हिंदीने स्वीकारलेला 'अवसाद' हाही खाली बसण्याचा, गळून जाण्याचा भाव दाखवितो. मराठीने मात्र नाव देताना एक कारणमीमांसाच नावात घालून ठेवली.

दुसरी अडचण अशी की, तरुण वयात हा विकार अनेकदा निराशेच्या रूपाने दिसतच नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत हे स्पष्ट नोंदविले आहे की, मुलांमध्ये आणि किशोरवयीनांमध्ये खिन्न मनःस्थितीऐवजी चिडचिडी मनःस्थिती हे लक्षण धरता येते. आता मराठीत 'चिडचिड' आणि 'नैराश्य' हे शब्द एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. जो निराश झाला तो कोपऱ्यात बसतो, आसवे गाळतो. जो चिडचिडा झाला तो उद्धट असतो, त्याला शिस्तीची गरज असते. पहिल्याची कीव केली जाते, दुसऱ्याला बोलणी खावी लागतात. दोघे एकाच विकाराने त्रस्त असू शकतात, हे सांगण्याची सोय प्रचलित परिभाषेत नाही. जो तिसरा शब्द या वयात सर्वांत जास्त ऐकू येतो, 'कंटाळा', तो तर लक्षणांच्या यादीत कोणी धरतही नाही. प्रत्येक कंटाळा हा विकार नव्हे, हे सांगावयास नको. परंतु जो मुलगा कालपर्यंत क्रिकेटसाठी जेवण विसरत होता, तो आठवडेच्या आठवडे त्याच क्रिकेटविषयी 'कंटाळा आला' म्हणत असेल, तर ज्याला ग्रंथांत 'सुखास्वादाचा लोप' म्हणतात ते हेच.

येथवर शब्दांचा विचार झाला. परंतु प्रश्न शब्दांशी संपत नाही. तो वाक्यरचनेपर्यंत जातो. मनाची स्थिती सांगताना मराठी माणूस कर्त्याला प्रथमेत क्वचितच ठेवतो. 'मला भीती वाटते', 'तिला रडू येते', 'त्याला करमत नाही', 'मला राहवत नाही' या वाक्यांत अनुभव घेणारा माणूस चतुर्थीत आहे, आणि भीती, रडू हे जणू बाहेरून त्याच्याकडे येतात. कॉलिन मॅसिका यांनी १९७६ साली दक्षिण आशियाचा एक भाषिक प्रदेश म्हणून विचार केला, तेव्हा या प्रदेशाच्या समान लक्षणांत ही रचना त्यांनी धरली होती. तेव्हा ती एकट्या मराठीची नाही. पण मराठीने तिचा संसार फार मोठा केला आहे. या रचनेचे मर्म तिच्याशेजारी दुसरी रचना ठेवली की कळते. 'त्याला राग येतो' आणि 'तो रागीट आहे', 'मला भीती वाटते' आणि 'मी भित्रा आहे', 'तिला रडू येते' आणि 'ती रडवी आहे' या जोड्यांत पहिले वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्या अवस्थेविषयी बोलते, दुसरे स्वभावाविषयी. पहिल्यात माणूस आणि त्याची अवस्था ही दोन आहेत. दुसऱ्यात ती एक झाली आहेत.

मुलाच्या मनोविकासाचा अभ्यास करणाऱ्याला हा भेद क्षुल्लक वाटता कामा नये, कारण त्याच्या शास्त्रातील एक कळीचा भेद हाच आहे. तेरा ते अठरा या वर्षांत सहा महिन्यांपूर्वीचे मूल आज सापडत नाही. म्हणून व्यक्तिमत्त्वाच्या विकाराचे निदान या वयात करताना फार सावध राहण्याचा दंडक आहे. उपर्युक्त निदानपुस्तिका अठरा वर्षांखालील मुलात अशी लक्षणे किमान एक वर्ष टिकलेली असावीत असे म्हणते, आणि समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचे निदान तर अठरा पूर्ण होण्याआधी करूच देत नाही. शास्त्राला ही मर्यादा नियम करून घालावी लागली. मराठी व्याकरणात ती चतुर्थीच्या रूपाने आधीच हजर आहे. आणि तरीही मोठी माणसे ती सहज ओलांडतात. 'तुला हल्ली फार राग येतो' हे वाक्य काही दिवसांत 'तू रागीट झाला आहेस' असे होते, आणि पाहुण्यांसमोर 'आमचा हा फार रागीट' असे होऊन बसते. परिभाषेने येथे सावरावयाचे, ते तिने उलट भर घातली आहे. 'मनोरुग्ण', 'चिंताग्रस्त', 'नैराश्यग्रस्त', 'छिन्नमनस्क' ही सगळी विशेषणे माणसाला प्रथमेत उभे करून त्याच्यावर शिक्का मारणारी आहेत. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. ग्रहणातील सूर्याला निदान ग्रहण सुटण्याची वेळ तरी पंचांगात मिळते.

तथापि बोलभाषेच्या चतुर्थीला निर्दोष ठरविणे हाही एक भाबडेपणा होईल. बाहेरून येणाऱ्या अवस्थांचे मराठीतील मुख्य क्रियापद 'लागणे' हे आहे. तहान लागते, वेड लागते, व्यसन लागते; त्याच क्रियापदाने दृष्ट लागते आणि भूतही लागते. व्याकरणाच्या या एकाच दावणीला बांधल्यामुळे मनोविकार हा कोणीतरी 'लावलेला' असू शकतो ही समजूत भाषेतच तग धरून राहते, आणि 'जे लागले ते उतरवावे' या विचाराने पहिले महिने, प्रसंगी पहिली वर्षे, वाया जातात. तरुण वयात प्रथमच भ्रम-भास होऊ लागलेल्या मुलाच्या बाबतीत उपचाराला लागलेला असा उशीर पुढील सुधारणेला मारक ठरतो, हे मनोविकारशास्त्रात मान्य झालेले आहे.

आणखी एक पालट याहूनही अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. 'टेन्शन' हा शब्द इंग्रजीतून आला आणि मराठीच्या मांडवाखाली लगेच शिरला: 'मला टेन्शन आले'. येथपर्यंत ते दुःख, राग, कंटाळा यांच्याच पंक्तीत बसले. परंतु त्याच्याबरोबर 'टेन्शन घेणे' हाही प्रयोग रूढ झाला. जे येते ते आपल्या हातात नसते. जे घेतले जाते ते न घेणेही शक्य असते. 'टेन्शन घेऊ नकोस' हे वाक्य दिलाशाचे म्हणून उच्चारले जाते, पण त्याच्या व्याकरणाने त्रासाची जबाबदारी त्रास होणाऱ्यावर टाकलेली असते. हे इंग्रजीचे पाप नव्हे. 'मनाला लावून घेऊ नकोस', 'डोक्यात राख घालून घेऊ नकोस' अशा जुन्या प्रयोगांतून 'लावून घेणे', 'घालून घेणे' यांनी ही वाट आधीच पाडून ठेवली होती. मुलगा म्हणतो, 'मला टेन्शन आलंय'. वडील उत्तर देतात, 'तू फार टेन्शन घेतोस'. दोघेही मराठीच बोलतात, नामही तेच आहे. क्रियापद मात्र बदलले आहे, आणि त्या बदलात मुलाची तक्रार त्याच्याच पदरात परत पडली आहे. मुलांना घरचे 'समजून घेत नाहीत' असे जे सरसकट म्हटले जाते, त्याचे इतके नेमके भाषिक रूप क्वचितच दाखविता येईल.

'मन' आणि 'जीव' या दोन शब्दांच्या वाटणीचाही विचार येथे केला पाहिजे. मन लागते, रमते, उडते, विटते, खाते, मोडते. या सर्व प्रयोगांत आवड, इच्छा, पश्चात्ताप यांचा संबंध आहे. जीव घाबरतो, गुदमरतो, वरखाली होतो, कासावीस होतो, उबगतो, नकोसा होतो, आणि शेवटी दिला जातो. येथे शरीराची भीती आहे आणि खुद्द जगण्याचा प्रश्न आहे. म्हणजे ज्याला शास्त्रात अवसादाची आणि चिंतेची लक्षणे म्हणून वेगळे केले जाते, त्यांची वाटणी बोलभाषेने मन आणि जीव यांत बरीचशी करून ठेवली आहे. ती काटेकोर नाही. 'उकाड्याने जीव नकोसा झाला' असे म्हणणाऱ्याला मरावयाचे नसते, आणि याच सैलपणामुळे ज्याला खरोखर जीव नकोसा झाला आहे त्याचे शब्दही उकाड्याच्या हिशेबात धरले जाण्याचा धोका असतो. परंतु 'अभ्यासात मन लागत नाही' असे सांगणारी मुलगी काही दिवसांनी 'जीव उबगला' म्हणू लागली, तर मनाकडून जीवाकडे झालेली ही सरक ऐकणाऱ्याने कानाआड करू नये. अशा वेळी मरणाचे विचार येतात काय, असे तिला सरळ विचारावे. तसे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरवला जातो ही भीती निराधार आहे, असे संशोधनाचे सांगणे आहे. कायद्यानेही येथे आपली भाषा बदलली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावयास सांगितले. त्यापूर्वी ती प्रथमतः गुन्हेगार होती.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना या संदर्भात 'कोसला'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा आहे. खानदेशातील गावातून तो पुण्याला शिकावयास येतो आणि हाती काही न लागता गावी परततो. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. त्याच्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या लकबींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यांत बहुधा उपरोध किंवा व्यर्थतेची जाणीव पाहिली गेली आहे. भाषेच्या अंगाने पाहता या दोन शब्दांचे कार्य आणखीही एक आहे. 'उदाहरणार्थ' म्हटल्याने सांगितलेली गोष्ट अनेकांपैकी एक ठरते, आणि 'वगैरे' म्हटल्याने ती अपुरी राहते; दोहोंमुळे बोलणाऱ्याला आपल्या अनुभवाशी पुरते बांधले जाणे टाळता येते. तरुणांच्या बोलण्यात दिसणारे 'काही नाही', 'असंच', 'ठीक आहे' हे त्याच जातीचे आडपडदे आहेत. आज एखादा वाचक पांडुरंगाला अवसादाचे निदान चिकटवू पाहील. २०१३ पासून अमेरिकन पुस्तिकेने मृत्युशोकाचा अपवाद काढून टाकल्यामुळे मनीच्या मृत्यूची सबबही त्याच्या आड येणार नाही. परंतु असे केल्याने पांडुरंगाविषयी नवे काही कळत नाही. कादंबरीला त्याच्या दुःखाचे नाव सांगावयाचे नाही. तो नाव देण्याचे कसे टाळतो हे तिला दाखवावयाचे आहे. वसतिगृहातील मुलांशी बोलणाऱ्या समुपदेशकाला त्याच्या क्रमिक पुस्तकापेक्षा ही कादंबरी अधिक उपयोगी पडेल, ती याच कारणाने.

अलीकडची तरुण मंडळी 'डिप्रेशन' हा इंग्रजी शब्दच वापरतात, याबद्दल भाषाभिमान्यांनी हळहळ व्यक्त करणे वाजवी वाटत नाही. तो शब्द घेताना त्यांनी व्याकरण आपले ठेवले आहे, ही गोष्ट हळहळणारे पाहत नाहीत. 'मला डिप्रेशन आलंय' यात चतुर्थी शाबूत आहे. 'तो डिप्रेशनमध्ये गेलाय' यात डिप्रेशन ही एक जागा झाली आहे, आणि जागेत गेलेला माणूस बाहेरही येऊ शकतो. प्रत्यक्षात 'बाहेर आला' असेच म्हटले जाते. 'नैराश्यग्रस्त' मनुष्य बाहेर कसा यावा, याची सोय त्या समासात नाही.

या साऱ्याचा व्यावहारिक कस लागतो तो प्रश्नावल्यांच्या भाषांतरात. मुलांच्या मानसिक अडचणी पाहण्यासाठी रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली पंचवीस विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिची अकरा ते सतरा वयाच्या मुलांनी स्वतः भरावयाची आवृत्ती प्रथमपुरुषी आहे, आणि इंग्रजीत प्रथमपुरुषाला लिंग नाही. अशा विधानांचे मराठी करताना नाम किंवा विशेषण घेतले की लगेच लिंग आड येते: 'मी अस्वस्थ असतो', 'मी अस्वस्थ असते'. मग दोन्ही रूपांमध्ये तिरपी रेघ देऊन ती छापावी लागतात, आणि भरणाऱ्याला आपल्या मनापूर्वी आपले लिंग शोधावे लागते. परीक्षकाने विचारावयाच्या प्रश्नांत अडचण दुसरी आहे. 'तुम्ही' म्हटले तर 'तुम्ही निराश झालात काय' या रूपाने लिंगाचा प्रश्न सुटतो. पण चौदा वर्षांच्या मुलीला 'तुम्ही' म्हणणारा मनुष्य एकतर परका असतो नाहीतर रागावलेला. 'तू' म्हटले की जवळीक येते, आणि 'झालास', 'झालीस' हा पेच परत येतो. या दोन्ही अडचणींतून वाट काढणारी रचना मराठीत आयती पडून आहे. 'मला अस्वस्थ वाटते' या वाक्याला लिंग लागत नाही. 'गेल्या दोन आठवड्यांत तुला कशाचाच उत्साह वाटला नाही, असे किती दिवस झाले?' या प्रश्नात 'तू' आहे, जवळीक आहे, आणि उत्तर देणाऱ्याने आधी स्वतःला निराश, चिंताग्रस्त किंवा आणखी काही म्हणवून घेण्याची अट नाही. भाषांतरकाराने एवढेच करावयाचे आहे की, इंग्रजी वाक्यातील विशेषणासाठी मराठी विशेषण शोधण्यापूर्वी तेच वाक्य नववीतल्या मुलाने आपल्या मित्राला कसे सांगितले असते हे ऐकावे, आणि ते जसे असेल तसे, 'करमत नाही', 'नको वाटतं', 'कशातच मन लागत नाही' असे, कागदावर उतरवून मग त्याची शास्त्रीय कसोटी घ्यावी.